काचेपलीकडची बोली

समुद्रकाठ, ता. ६ ऑक्टोबर २००८

सौ. मीरास,

आशीर्वाद. सुखरूप पोचलो, त्याला तीन दिवस झाले. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली, घाटात उलटी झाली नाही. जगदीश फाट्यावर न्यायला आला होता. तुझ्या पोराला रिसॉर्टच्या लॉन्ड्रीत सगळे साटमसाहेब म्हणतात, ऐकून... म्हणजे त्यांचे ओठ वाचून माझी छाती फुगली. तेवढीच काय ती फुगते आता.

फोनचं आणि माझं जमत नाही हे तू जाणतेस. अठरा वर्षं मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढली, कान तिथेच ठेवून घरी आलो. जगदीश तुझ्याशी फोनवर बोलतो, मी त्याच्याकडे बघत बसतो. म्हणून हे पत्र. लालबागचा पोस्टमन अजून आपल्या माळ्यापर्यंत चढतो ना?

इथली हवा काय सांगू! सकाळी समुद्रावरून धुकं येतं ते थेट जेवणाच्या मोठ्या दालनापर्यंत. माडांचे नुसते शेंडे दिसतात, खाली काही नाही. मला वाटतं मी अजून झोपेतच आहे. डॉक्टर म्हणाला होता तशी हवा आहे, धूळ नाही, चक्कीचं पीठ नाही, कापूस नाही. श्वास पुरता आत जातो आणि आत गेल्यावर कुठे बसू असं विचारतो.

आणि ऐक, इथे मोठी गंमत चाललीय. गांधीजयंतीपासून नवा कायदा आलाय ना, सिगारेट ओढायची नाही. तर इथल्या मॅनेजरनं जिथे तिथे पाट्या लावल्यात. खोलीत नाही, बाल्कनीत नाही, पोहायच्या तलावाकाठी नाही, माडाखाली नाही. बिचारे पाहुणे हातात पाकीट घेऊन वासरासारखे भटकतात. काल एक दादरचा गृहस्थ बाल्कनीत टॉवेल डोक्यावर घेऊन ओढत होता, टॉवेलातून धूर! मग त्याला हात धरून आणला धूम्रपान क्षेत्राकडे. बागेच्या टोकाला काचेची एक खोली बांधलीय, पाटी तशीच लावलीय, 'धूम्रपान क्षेत्र'. ओढायची तर तिथे. संध्याकाळी आत दिवा लावतात, धूर भरतो आणि खोली अंधारात तरंगायला लागते. मला बघायला फार आवडतं. रोज संध्याकाळी क्षेत्रापर्यंत फेरी मारून येतो.

काळजी करू नकोस. मी बाहेरच असतो. तुझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिलाय, बिडीला शिवणार नाही आणि धुराच्या खोलीत पाय ठेवणार नाही. तो शब्द आहे माझ्याजवळ.

तुझा,
गुणाजी


लालबाग, ता. १० ऑक्टोबर

जगूच्या बाबांस,

मीराचा नमस्कार.

पत्र मिळालं. दसऱ्याचं सोनं तुमच्या फोटोपुढे ठेवलं. फोटो जिवंत माणसाचा आहे, हार नाही घातला, घाबरू नका.

आधी तुमच्या 'क्षेत्रा'चं सांगते. मी पत्र वाचत होते आणि सोनूबाई शेजारी तांदूळ निवडत होती. मी मोठ्यानं वाचलं, "रोज संध्याकाळी क्षेत्रापर्यंत फेरी मारून येतो." बाईनं लगेच हात जोडले. अख्ख्या माळ्यावर झालं, साटम क्षेत्राच्या ठिकाणी आहेत, रोज दर्शन घेतात. सोनूबाईनं नातवासाठी अंगारा मागितलाय. आता मी काय सांगू तिला? तिथे राख भरपूर आहे, पण ती लावायची नाही म्हणून?

हसले खरी. पण परवा जगूचा फोन आला सोनूबाईच्या मोबाइलवर. तो म्हणाला, "आई, बाबा रोज त्या काचेच्या खोलीपाशी तास तास उभे असतात. काचेला नाक लावून. परत येतात तेव्हा डोळे लाल असतात, जेवत नाहीत."

अहो, मी तुमच्याबरोबर संसार केलाय, मला शिकवू नका. 'मी बाहेरच असतो' हे न विचारता कोण सांगतं? ज्याचा एक पाय आत असतो तो. गेल्या पावसाळ्यात तुमची छाती रात्रभर शिट्ट्या वाजवत होती, तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं. मी उशाशी बसून देवाला सांगत होते की याला ठेव, मी भांडेन त्याच्याशी पण ठेव. त्या रात्रीची तरी लाज ठेवा.

ओढता की नाही ते सरळ लिहा. गोलगोल फिरवू नका.

मीरा


समुद्रकाठ, ता. १५ ऑक्टोबर

सौ. मीरास,

नाही ओढली. तुझी शपथ, जगदीशची शपथ, एकही नाही. पण तू म्हणतेस ते खरं, मी काहीतरी लपवलं. लिहायला चार वेळा बसलो आणि कागद फाडला. काल कोजागिरी झाली, पाहुण्यांना दूध वाटलं, समुद्रावर चांदणं असं सांडलं होतं की पाणी कुठे संपतं कळत नव्हतं. त्या चांदण्यात ठरवलं, सांगून टाकायचं.

बसून वाच. सोनूबाईला जवळ बसवू नकोस.

मी आलो त्याच संध्याकाळी त्या खोलीपाशी गेलो. आत तीन-चार पाहुणे ओढत होते. धूर इतका की नुसते आकार. एक माणूस आतून काच पुसत होता. फडकं गोल फिरायचं, तेवढी काच स्वच्छ व्हायची, मग पुन्हा धूर. मी उगाच बघत उभा. तो हात थांबला. मग त्या हातानं दोन बोटं एकमेकांपासून फट्‌कन तोडली आणि माझ्याकडे रोखली.

मीरा, ही आमच्या साचेखात्याची खूण. तिथे एवढा आवाज की देव आला तरी त्याला हातवारेच करावे लागले असते. आम्ही सगळे हातांनी बोलायचो. दोन बोटं तोडली की समजायचं, तुझा धागा तुटलाय, साचा बघ. आणि मी, म्हातारा, खाली बघितलं! साचा शोधायला! सव्वीस वर्षांनी! सदऱ्याच्या बाहीचा एक दोरा खरंच लोंबत होता.

वर बघितलं तर काचेला लागून तो उभा. केस पांढरे, गाल आत गेलेले, पण डावी भुवई तशीच, मधे तुटलेली.

तुझा धोंडू आहे, मीरा. तुझा भाऊ.

त्या खोलीची राखण त्याच्याकडे आहे. राखेची भांडी साफ करायची, काच पुसायची, कोण पाहुणा बाहेर ओढताना दिसला तर हात जोडून आत आणायचा. दिवसभर धुरात. ज्यानं जन्मात बिडी ओढली नाही तो! आठवतं ना, मिलमध्ये मागच्या हौदापाशीच ओढायची परवानगी होती, मी जायचो तेव्हा हा नुसता सोबतीला यायचा आणि नाकाला रुमाल लावून उभा राहायचा.

आम्ही रोज बोलतो. हातांनी. तो आतून, मी बाहेरून. मला ऐकू येत नाही म्हणून काही अडत नाही. पाहुणे आम्हाला वेडे समजतात. पण खोलीबाहेर पडला की तो मान खाली घालून सायकलवर टांग टाकतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. काच असली तरच बोलतो.

डोळे लाल होतात ते धुरानं नाहीत.

गुणाजी


लालबाग, ता. १८ ऑक्टोबर

जगूच्या बाबांस,

मी पत्र वाचलं आणि भाताचं पातेलं जळलं. जळू दे.

धोंडू आहे! माझा धोंडू जिवंत आहे! मी गॅलरीत गेले, आत आले, परत गेले. सोनूबाई म्हणाली, "काय गो, भूत बघितलंस?" मी म्हटलं, होय, आणि भुताला भूक लागली असेल.

कसा दिसतो? दात आहेत का? लग्न केलं का? कोण जेवायला घालतं? तुम्ही पुरुष माणसं, रोज बोलता म्हणे, आणि कामाचं एक विचारलं नसेल.

आता मी बोलते ते ऐका. सव्वीस वर्षं मी गप्प राहिले. गिरण्यांच्या संपात तो पोलिसांच्या गाडीतून मिलच्या आत कामाला गेला, अख्ख्या चाळीनं त्याला वाळीत टाकलं, मला कळत होतं. माझी खानावळ संपवाल्यांच्या जिवावर चालायची, मलाही राग होता. पण तुम्ही गॅलरीत उभे राहून सगळ्यांसमोर ओरडलात, "मरताना घसा सुकला तरी तुझ्याकडे पाणी मागणार नाही. तुझ्याशी तोंड उघडणार नाही." तो जिन्यात उभा होता, हातात ट्रंक. त्यानं तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आणि मी पदर तोंडात धरून आत गेले. त्यानंतर तो दिसला नाही. मिल तर आत गेलेल्यांचीही राहिली नाही. तिच्या जागी आता समोर टॉवर आहेत, त्यांना काय माहीत.

दर भाऊबीजेला मी काय करते ते तुम्ही बघता. तबक घेऊन गॅलरीत जाते आणि चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी. मला भाऊ असताना. तुम्ही त्या वेळी पेपर वाचायला घेता. दरवर्षी त्याच वेळी.

या तीस तारखेला भाऊबीज आहे. मला चंद्र नको. त्याला घेऊन या. मी दुसरं काही मागत नाही तुमच्याकडे, साडी नको, पाडव्याची ओवाळणी नको.

मीरा

ता.क. त्याला त्या खोलीतून बाहेर काढा आधी.


समुद्रकाठ, ता. २१ ऑक्टोबर

सौ. मीरास,

विचारलं. दात आहेत, वरचे. लग्न नाही केलं. गावात एका म्हातारीकडे जेवतो, ती माशाला चिंच जास्त घालते असं म्हणाला. चिंचेची खूण आम्हाला ठाऊक नव्हती, तोंड वाकडं करून दाखवली.

हेही विचारलं की का गेलास आत. मला वाटत होतं उपासमारीनं गेला असेल, भीतीनं गेला असेल. तो काचेपलीकडून दोन्ही हात वर करून दाखवत राहिला. मला आधी कळेना. मग कळलं. म्हणाला, भूक नव्हती, ताय डबा देत होती. पण हे हात गप्प बसेनात रे. झोपेत मागाचा धोटा फेकायचे. भिंतीवर आपटायचे. साचा बोलवत होता, गेलो. एवढंच. मीरा, माझेही हात तसेच उठायचे त्या दिवसांत, मी ते मांडीखाली दाबून बसायचो. त्याला दाबता आले नाहीत.

आणखी एक. आपला जगदीश त्याला रोज भेटतो, धुतलेली फडकी देतो, 'काका' म्हणतो. धोंडूनं पोराच्या छातीवरच्या पट्टीवर साटम वाचलं, चेहरा बघितला, आणि ओळखलं. दोन वर्षं झाली, ही काचेची खोली नव्हती तेव्हापासून. बोलला नाही. जास्तीचं फडकं मागायला मात्र दिवसातून तीनदा लॉन्ड्रीत जातो.

तुझा निरोप सांगितला. भाऊबीज कशी सांगायची? बोटानं कपाळाला टिळा लावला आणि तबक फिरवलं. तो मागे सरला. धुरात दिसेनासा झाला, मला वाटलं संपलं. मग पुढे आला आणि सावकाश बोलला, एकेक खूण सुटी करून. म्हणाला, हातांचं बोलणं खात्यातलं, ते आपलं कधी तुटलंच नव्हतं. तोडलंस ते तोंडानं. तोंडानं बोलाव. आणि बाहेर उभा राहून नाही. तेव्हा मी गेटच्या आत होतो आणि तू बाहेर उभा राहून ओरडत होतास. आता एकदा आत ये. मी आहे तिथे ये, आणि म्हण की चल.

माझ्या छातीचं त्याला ठाऊक नाही. मी नुसतं सांगितलंय की बिडी सोडली. त्याला वाटतं मी ताठ्यानं बाहेर उभा असतो. दम्याची खूण आमच्या खात्यात नव्हती, तेव्हा सगळे जवान होतो. आणि खरं सांगू, खूण असती तरी केली नसती. त्याची कीव घेऊन त्याला घरी आणायचं नाही मला.

त्याच्याशी तोंड न उघडण्याची शपथ मोडायला मी तयार आहे. चारचौघांत घेतली होती, चारचौघांत मोडीन. पण दुसरा शब्द तुझ्या डोक्यावर हात ठेवून दिलाय, धुराच्या खोलीत पाय ठेवणार नाही. तो माझा नाही, तुझा आहे. तू सोडवलास तरच सुटेल.

काय करू, लिही. मी काचेबाहेर उभा आहे.

गुणाजी


लालबाग, ता. २४ ऑक्टोबर

जगूच्या बाबांस,

तुमचं पत्र घेऊन काल चिंचपोकळीपर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. कशाला गेले होते आठवत नाही.

पहिल्यांदा तुमचा राग आला, मग त्याचा. दोघेही कसले हट्टी! एक म्हणतो आत ये, दुसरा सांगणार नाही की मला दमा आहे. आणि मधे मी. एका हातात नवरा, एका हातात भाऊ, आणि देव म्हणतो, निवड.

वाटलं, जगूला फोन करून धोंडूला सगळं सांगायला लावावं. तो धावत बाहेर येईल. पण मग तो तुमच्या छातीसाठी येईल, तुमच्या बोलावण्यावर नाही. आणि तेवढ्यानं त्याचं भरणार नाही. मी त्याची बहीण आहे, मला कळतं. त्या दिवशी जिन्यात तो एका शब्दासाठी थांबला होता. तुमच्या नाही तर माझ्या. आम्ही दोघांनीही दिला नाही.

तुमचा शब्द मी सोडवला. जा आत.

पण माझंही ऐका. सकाळी जा, पाहुणे कमी असतील तेव्हा. रुमाल ओला करून नाकाला लावा. औषधाचा पंप खिशात ठेवा, उजव्या. दार उघडं ठेवायला कुणाला तरी सांगा. आत जा, 'चल' म्हणा, बाहेर या. तिथे गप्पा मारत बसू नका.

अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा. जा आत.

मीरा


समुद्रकाठ, ता. २७ ऑक्टोबर

सौ. मीरास,

हे पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देतोय, लालबागला उतरवून देईन म्हणालाय. आम्ही मागून येतो. होय, आम्ही. धोंडूच्या जागी माणूस मिळायला दोन दिवस लागतील म्हणून, नाहीतर याच गाडीत बसलो असतो.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपार होती. सकाळपर्यंत थांब असं तू लिहिलंस, पण मला थांबवेना. रुमाल ओला केला, पंप उजव्या खिशात ठेवला, एवढं ऐकलं तुझं. बागेत त्या दिवशी अवेळीच धुकं उतरायला लागलं होतं. बाहेर पांढरं, आत पांढरं, मधे नुसती काच. कुठून कुठे चाललोय तेच कळत नव्हतं. दाराच्या मुठीला हात लावला आणि मला मिलचं गेट आठवलं. तिथली मूठही अशीच गार असायची.

आत गेलो.

पाहुणे पाच-सहा असतील. धोंडू खाली वाकून राखेचं भांडं उचलत होता. त्यानं मला बघितलं आणि भांडं तसंच हातात राहिलं. मी सगळं ठरवून गेलो होतो. म्हणणार होतो, धोंड्या, चूक माझीही झाली, चल घरी, तुझी बहीण वाट बघते. चारचौघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणणार होतो. नाकाचा रुमाल काढला, बोलायला तोंड उघडलं, आणि सगळा धूर आत.

खोकला आला तो थांबेचना. डोळ्यांपुढे काजवे. छाती आवळली, पंप खिशात आणि हात खिशात जाईना. कुणीतरी मला धरलं. त्याच्या अंगाला राखेचा वास येत होता. मी त्याचा सदरा मुठीत पकडला आणि जो शब्द आला तो आला. माझा मला ऐकू आला नाही, पण घशात कळला.

मी म्हणालो, "धोंड्या, पाणी."

मीरा, 'चल' नाही म्हटलं. 'माफ कर' नाही म्हटलं. पाणी मागितलं.

त्यानं मला उचलून बाहेर आणलं, म्हाताऱ्यात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. गवतावर बसवलं, पंप ओढायला लावला, नळाचं पाणी ओंजळीत आणलं. भांडं आणायचंही सुचलं नाही. मी त्याच्या ओंजळीतून प्यालो. तो घळाघळा रडत होता आणि ओठ हलत होते. मी ओठ वाचले. सारखं तेच म्हणत होता, "सांगितलं का नाहीस रे? मेल्या, सांगितलं का नाहीस?"

जगदीश धावत आला. "काका, बाबांना काय झालं?" असं विचारलं असावं. धोंडूनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका नाही. मामा."

मी बरा आहे. छाती दुखते, पण आतून मोकळी आहे. वाटाण्याची उसळ कर, चिंच घालू नकोस.

गुणाजी


लालबाग, ता. ३१ ऑक्टोबर

चि. जगदीश यास,

अनेक आशीर्वाद. दोघे काल सकाळी पोचले. बाबांना लगेच डॉक्टरकडे नेलं. ओरडला, औषध बदललं, पण घाबरण्यासारखं नाही म्हणाला. आता नीट झोपतात. शिट्टी आहे, बारीक.

धोंडू जिन्यात थांबला होता. त्याच पायरीवर, हातात ट्रंक, मला तर वाटलं मधली वर्षं मी झोपेत बघितली. या खेपेला मी आत गेले नाही. खाली उतरले आणि त्याच्या हातातली ट्रंक घेतली. ट्रंक फार हलकी होती रे.

चाळीतले जुने लोक सगळे आले. कुणी जुनं काही काढलं नाही. सोनूबाईनं त्याला विचारलं, "क्षेत्राहून आलात, अंगारा आणलात का?" आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. बाबा आणि तो दिवसभर गॅलरीत बसून हातांनी बोलतात. काय बोलतात मला कळत नाही, मधेच दोघं एकदम हसतात. मी म्हटलं, मलाही शिकवा. तर धोंडूनं दोन बोटं धरून गाठ मारून दाखवली. म्हणाला, "ताय, ही पहिली शिक. तुटलेला धागा बांधला."

संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. बाबांनी पेपर वाचायला घेतला नाही.

आणि तुला गंमत सांगते. सगळं झालं, तबक उचलून आत ठेवायला निघाले तर पाय सवयीनं गॅलरीकडे गेले. टॉवरच्या मधल्या फटीत तो आला होता, बारीकसा, नखाएवढा. तू लहान होतास तेव्हा विचारायचास, सगळ्यांना मामा आहे, माझा मामा कुठे? मी तुला हाच चांदोमामा दाखवायचे. तबक हातात होतंच. दिवा जळत होता. त्याला तसंच रिकामं पाठवायचं जिवावर आलं, म्हणून एकदा ओवाळलं आणि सांगितलं, बाबा रे, इतकी वर्षं तू न चुकता आलास. आता माझा आलाय. तू तुझ्या बहिणीकडे जा.

तुझी,
आई